वाडीवस्तीवर डॉक्टर म्हणून जायचंय? कोकणातल्या नेमणुकीची तयारी, पहिल्या वर्षापासून चार्ज सोडेपर्यंत

कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना मला बारा वर्षं झाली. दरवर्षी बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) एखादा नवा डॉक्टर येतो आणि त्याचा पहिला महिना मी जवळून पाहतो. मनापासून काम करायची इच्छा जवळजवळ सगळ्यांना असते. गडबड होते ती तयारीच्या क्रमात. शिबिरांचे बेत पक्के असतात, शाळेत द्यायची भाषणं तयार असतात, आणि रात्री दोन वाजता कळा देणारी बाई आली की हात थरथरतात. अशा दोन-तीन रात्री गेल्या की माणूस मुंबईच्या गाड्यांच्या वेळा बघायला लागतो, आणि वाडीवरच्या लोकांच्या वाट्याला पुन्हा रिकामी खुर्ची येते.

आधी कान, मग हात, मग साठा, मग माणसं, आणि शिबिरं सगळ्यात शेवटी. लेखाचा क्रम तोच आहे. मध्ये मध्ये डोस येतील. ते तुम्ही शिकलेल्याची उजळणी म्हणून वाचा. केंद्राच्या भिंतीवर लावलेला ताजा प्रोटोकॉल हा शेवटचा शब्द.

## टप्पा १. पहिली तीन वर्षं: ऐकायला शिका

एमबीबीएसच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात तुम्हाला गावातली काही घरं मिळतात. बहुतेक विद्यार्थी तिथे फॉर्म घेऊन जातात, वजन-उंची-रक्तदाब लिहितात आणि बसच्या वेळेत परततात. फॉर्म भरा, पण त्यानंतर अर्धा तास पडवीत बसा. घरात कोण आजारी आहे हे विचारू नका. मागच्या वेळी कोणी आजारी पडलं तेव्हा आधी कोणाकडे गेलात, गाडी कोणाची केली, पैसे कोणाकडून घेतले, हे विचारा. वाडीचं आरोग्य त्या उत्तरांत सापडतं.

एक वही करा. डाव्या बाजूला लोकांचा शब्द, उजव्या बाजूला त्याचा अर्थ. माझ्या वहीतल्या तीन नोंदी देतो. ‘अंगात कसर आहे’ म्हणजे हलका ताप. ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि ‘उसण भरली’ म्हणजे स्नायूची कळ. पण पन्नाशीच्या माणसाच्या छातीत भरलेली उसण ईसीजी काढल्याशिवाय घरी पाठवायची नाही.

सिंधुदुर्गात जाणार असाल तर ‘खंय दुखता?’ आणि ‘कधीपासना?’ एवढे दोन प्रश्न मालवणीत विचारता आले तरी म्हातारी माणसं मोकळी होतात. रायगडात आगरी कानावर पडेल, रत्नागिरीच्या आतल्या भागात संगमेश्वरी, खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांत तिथली कोकणी.

इशारा: प्रश्न त्यांच्या बोलीत विचारा, पण गोळ्या कशा घ्यायच्या ते तुटक्या बोलीत सांगू नका. ते साध्या मराठीत सांगा आणि त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्या.

## टप्पा २. खलाटी की वलाटी, हे आधी ठरवा

‘मला कोकणात काम करायचंय’ एवढं ठरवून भागत नाही. समुद्राकडची खलाटी आणि सह्याद्रीकडची वलाटी, दोन्हीकडची ओपीडी वेगळी असते.

खलाटीत बंदराची माणसं येतात. ट्रॉलरवरचे खलाशी, शिंगाळा माशाचा काटा घुसलेला हात, पाकट माशाच्या शेपटीचा मार बसलेला पाय. (अशा डंखात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आसपास, तासभर बुडवून ठेवलं की कळ उतरते. आधी तुमचा हात घालून बघा, दुखणाऱ्या माणसाला चटका कळत नाही.) हापूसच्या बागांत राखणीला आलेले नेपाळी कामगार असतात. माडावरून पडलेला माणूस असतो. खाडीपलीकडचा रुग्ण असेल तर दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळसारख्या फेरीबोटीची शेवटची वेळ तुम्हाला पाठ हवी.

वलाटीत धनगरवाडे. काही ठिकाणी गाडीरस्ता अजून नाही, पेशंट डोलीत घालून खाली आणतात. काजूच्या बागा, काजूच्या चिकाने भाजलेले हात, आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप (गोचिडीतून पसरणारा विषाणूचा ताप). रायगडात कातकरवाड्या, दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या.

निवड करताना घरापासूनचं अंतर मोजू नका. त्या केंद्रापासून रात्री बारा वाजता सिझेरियन होईल अशी सगळ्यात जवळची जागा किती वेळावर आहे, ते मोजा. दोन तासांपेक्षा जास्त असेल तर तिथे जाण्याआधी टप्पा ३ दुप्पट मन लावून करा.

## टप्पा ३. इंटर्नशिप: हात इथेच तयार होतात

सगळ्यात जास्त विद्यार्थी इथे चुकतात, म्हणून इथे थांबून लिहितो.

इंटर्नशिपमध्ये जनवैद्यकाला १२ आठवडे असतात, स्त्रीरोग व प्रसूतीला ७. पीजीच्या परीक्षेची तयारी त्याच वर्षात असते. त्यामुळे ग्रामीण पाळी म्हणजे अभ्यासाची सुट्टी, असं धरून चालतात. परीक्षेचा ताण मला कळतो, मीही दोनदा दिली आहे. तरी सांगतो: अभ्यास पहाटे करा, रात्र लेबर रूमला द्या. प्रश्नसंच पुढच्या वर्षीही मिळतील. शेजारी उभं राहून ‘आता थांब, आता खांदा सोडव’ असं सांगणारी अनुभवी सिस्टर पुढच्या वर्षी तुमच्या रात्रपाळीला नसेल.

प्रसूती. किमान वीस नॉर्मल प्रसूती स्वतःच्या हाताने घ्या. वीस हा माझा आकडा आहे, नियमातला नाही. दहाव्यापर्यंत भीती असते, पंधराव्यानंतर नजर बाळावरून आईच्या रक्तस्रावाकडे जायला लागते. बाळ बाहेर आल्यावर ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, हे हाताला न सांगता जमलं पाहिजे. पार्टोग्राफ (प्रसूती किती पुढे सरकली त्याचा तक्ता) प्रसूतीनंतर मागाहून भरायची सवय लावून घेऊ नका. अडकलेली प्रसूती वेळेवर ओळखायची ती त्याच कागदावर.

बाळाचा पहिला मिनिट. न रडलेल्या बाळाला पुसणं, मान नीट ठेवणं, पिशवी-मास्कने श्वास देणं. पुतळ्यावर शंभर वेळा करा. मास्कच्या कडेने हवा निसटते आहे, ते बोटांना कळेपर्यंत करा.

झटके आलेली गरोदर बाई. केंद्रातून पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम, दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम खोल स्नायूत. वाचायला सोपं. प्रत्यक्षात एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम असतो. म्हणजे दहा अँप्युल फोडायच्या, दोन मोठ्या सिरिंज भरायच्या, आणि तेवढ्या वेळात बाई पलंगावरून पडू नये म्हणून कोणीतरी धरून ठेवायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चौथी अँप्युल हातात फुटली आणि बोट कापलं. तेव्हापासून आमच्याकडे दहा अँप्युल, दोन सिरिंज, दोन लांब सुया आणि गॉजचा तुकडा एका डब्यात एकत्र बांधून ठेवलेलं असतं. इंटर्न असताना असा डबा स्वतः बांधून बघा.

श्वास. भूलशास्त्राच्या पाळीत ऑपरेशन बघत बसू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना विनंती करून प्रत्येक पेशंटला पिशवी-मास्कने श्वास द्यायला मागा. मण्यार चावलेला माणूस घाट ओलांडून पोचतो की नाही, ते या एका कौशल्यावर ठरतं.

शवविच्छेदन. याची तयारी कोणीच करत नाही. न्यायवैद्यकाला इंटर्नशिपमध्ये जेमतेम आठवडा मिळतो, आणि केंद्रात रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात खाडीत बुडालेला देह आणि पोलिसांचं पत्र समोर येतं. त्या आठवड्यात रोज शवागारात जा. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग) कशात ठेवायचा, सील कसं करायचं, पावती कोणाची घ्यायची, हे हाताने करून बघा. मृत्यूचं कारण लिहिताना घाई नको. ‘अहवाल येईपर्यंत मत राखून’ असं लिहायचा तुम्हाला अधिकार आहे.

बाकीचं पटकन: अंधुक उजेडात लहान मुलाची शीर मिळवणं, बोट बधिर करून टाके घालणं, गळू फोडणं, मलेरियाची स्लाइड स्वतः वाचणं. रविवारी लॅब टेक्निशियन नसतो.

पडताळा: वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने करा: पाहिलं, मदतीने केलं, एकट्याने केलं. इंटर्नशिप संपायला दोन महिने राहिले असताना तिसऱ्या रकान्यात काय रिकामं आहे ते बघा आणि उरलेल्या पाळ्या त्यासाठी मागून घ्या.

## टप्पा ४. कागद आणि बॉण्ड

थोडक्यात. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला हाती आला की त्याच आठवड्यात महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या कायम नोंदणीसाठी अर्ज करा. शासकीय महाविद्यालयातून शिकलात तर एमबीबीएसनंतर एक वर्षाची सक्तीची सेवा असते. दंड, सवलती, पसंतीक्रम यांचे नियम बदलत राहतात. सीनियरने सांगितलेल्यावर न जाता तुमच्या बॅचला लागू असलेला शासन निर्णय स्वतः वाचा. मूळ प्रमाणपत्रांच्या पाच-पाच प्रती काढून ठेवा.

पहिला पगार बहुधा उशिरा येतो. तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. पैशांच्या काळजीत असलेला डॉक्टर पेशंटवर चिडतो, हे मी पाहिलं आहे.

## टप्पा ५. रुजू होण्याआधी एक चक्कर

ऑर्डर मिळाल्यावर सामान घेऊन थेट जाऊ नका. आधी एक दिवस रिकाम्या हाताने जाऊन या, शक्यतो एसटीने. पेशंट कसा येतो, ते कळेल.

क्वार्टर बघा. कौलारू असेल तर पावसाआधी शाकारून घ्यायला सांगा. जूनमध्ये माणूस मिळत नाही, सगळे लावणीला. विहिरीला मेमध्ये पाणी असतं का, विचारा. मोबाइलची रेंज कुठे येते ते बघा. आमच्या भागात एका वाडीला वडाच्या वळणावरच रेंज येते. तिथली आशा सेविका रात्री तिथपर्यंत चालत येऊन फोन करते. तिचा फोन आला की तिला पुन्हा फोन लागणार नाही, हे धरूनच बोलायचं आणि सगळं एका दमात विचारून घ्यायचं.

सोबत न्यायच्या वस्तू: डोक्याला बांधायची बॅटरी, चांगला रेनकोट, पाण्यात चालणारी चप्पल, पॉवर बँक, लहान मुलांचा आणि जाड दंडाचा असे रक्तदाबाचे दोन पट्टे, पल्स ऑक्सिमीटर, आणि काचेच्या कोऱ्या टेस्ट ट्यूबचं एक खोकं. त्या खोक्याबद्दल टप्पा ७ मध्ये सांगतो.

## टप्पा ६. पहिला आठवडा: आधी साठा, मग माणसं

चार्ज घेताना पहिल्या तासात हे स्वतः मोजा, याच क्रमाने:

१. सर्पदंशाच्या लसीच्या (विषावरच्या उताऱ्याच्या) बाटल्या: किती, एक्सपायरी कधी.
२. ऑक्सिजन सिलिंडर: भरलेला आहे का, चावी कुठे आहे, रेग्युलेटर बसतो का. उघडून बघा.
३. अ‍ॅड्रेनॅलिन, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम ग्लुकोनेट.
४. ऑक्सिटोसिन: फ्रीजमध्ये आहे की कपाटात.
५. लसींच्या आयएलआरचं (लसी थंड ठेवणाऱ्या फ्रीजचं) तापमान: २ ते ८ अंश, आणि मागच्या महिन्याचा तापमान तक्ता.

इशारा: न मोजलेल्या साठ्यावर सही करू नका. ‘सगळं बरोबर आहे सर, नंतर बघू’ असं म्हणणारा माणूस चांगलाच असेल, तरी मोजा.

वीज गेली तर काय, हे त्याच दिवशी विचारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कितीतरी गावांत आठवड्यांमागून आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. जनरेटरला डिझेल कोण आणतं, ते संपलं तर लसी कोणत्या केंद्रात हलवायच्या, कोल्ड बॉक्स कुठे आहे, हे एका कागदावर लिहून आयएलआरच्या वर चिकटवा. पेंटाव्हॅलंट आणि टीडी या लसी गोठता कामा नयेत, हेही त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. घाईत लसी सरळ बर्फावर ठेवल्या जातात.

मग माणसं. आरोग्य सेविका, सीएचओ (उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी), आशा, गटप्रवर्तक, ॲम्ब्युलन्सचा चालक, सफाई करणाऱ्या मावशी. प्रत्येकाकडे वेगळं बसा. मावशींना आधी भेटा. रात्री कोण केव्हा येतं आणि कोण परत जातं, हे त्यांना ठाऊक असतं. वीस वर्षं सेविका असलेल्या बाईंना ‘सिस्टर’ म्हणा, ‘अहो’ म्हणा, आणि पेशंटसमोर त्यांची चूक काढू नका.

पहिल्या महिन्यात तातडीच्या ट्रेखेरीज काहीही बदलू नका. ओपीडीची वेळ, रजिस्टरची पद्धत, खुर्च्यांची जागा, सगळं तसंच राहू द्या. वेडीवाकडी वाटणारी एखादी रीत एसटीच्या वेळेवर बेतलेली असते.

## टप्पा ७. सर्पदंश: क्रम चुकला की सगळं चुकतं

माझ्या पहिल्या पावसाळ्यात गवत कापताना पायाला दंश झालेली एक बाई संध्याकाळी आली. मी रक्त घेतलं, हाताशी होती त्या प्लॅस्टिकच्या नळीत घातलं आणि वीस मिनिटं थांबलो. रक्त गोठलं नाही. लस सुरू केली. दहा मिनिटांत तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, नाडी लागेना. अ‍ॅड्रेनॅलिन दिलं, ती वाचली. सकाळी तिचा मुलगा पोत्यात मारलेला साप घेऊन आला. नानेटी होती, बिनविषारी. प्लॅस्टिकच्या नळीत चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण काचेची नळी कुठे आहे हे संध्याकाळ व्हायच्या आत बघून ठेवलं नव्हतं. त्या बाईचा भाऊ अजून बाजारात भेटला की विचारतो, ‘डॉक्टर, तेव्हा तिला नक्की काय झालेलं?’ मी त्याला खरं सांगितलंय.

म्हणून कोऱ्या नळ्यांचं ते खोकं. साबणाने धुतलेली काचेची नळीही चालत नाही.

आता क्रम:

१. चावलेला अवयव हलू देऊ नका. चिरा नाही, चोखणं नाही. दोरी करकचून बांधून आणली असेल तर ती झटकन सोडू नका. आधी शिरेत सलाइनची सुई, लस आणि अ‍ॅड्रेनॅलिन तयार, मग सोडा.

२. पापण्या बघा. जड होतायत का, दोन दिसतात का, थुंकी गिळता येते का, एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजता येतात. मण्यारीचा दंश अनेकदा दुखत नाही, सुजत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून आला तर त्याला आम्लपित्ताची गोळी देऊन पाठवू नका. पापण्या बघा.

३. शिरेतलं २ मिली ताजं रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत. वीस मिनिटं हलवायचं नाही. मग एकदाच तिरपी करायची. रक्त पातळच राहिलं तर लस. कोकणात फुरशाचे दंश खूप, त्यात ही एक चाचणी सगळं सांगते. गोठलं तरी घरी सोडायचं नाही: पहिले तीन तास दर तासाला, मग दर सहा तासांनी, चोवीस तासांपर्यंत पुन्हा.

४. लस द्यायची ठरली तर सुरुवातीला १० बाटल्या, सलाइनमधून तासाभरात. लहान मुलाला आणि गरोदर बाईलाही तेवढ्याच. विष वजन बघून कमी येत नाही. आधी टोचून बघायची चाचणी करू नका, तिचा उपयोग नाही. अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मिली सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवा. रिअ‍ॅक्शन आली की मांडीच्या स्नायूत.

५. पापण्या पडत असतील तर लस सुरू करून लगेच पुढे पाठवा, आणि पिशवी-मास्क घेऊन कोणीतरी सोबत बसा.

लक्षात ठेवा: ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. हिरव्या चापडा सापाच्या विषावर ती चालत नाही.

विंचवाबद्दल एकच. लाल विंचू चावलेलं मूल घामाघूम, हातपाय गार, असं आलं तर प्राझोसिन द्या आणि आडवं झोपवून ठेवा; एकदम उठवलं तर रक्तदाब पडतो. हे औषध विंचवावर चालतं हे जगाला कळलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या पेशंटच्या बारीक नोंदी ठेवल्या म्हणून. रजिस्टर भरताना कंटाळा आला की मी ते आठवतो.

## टप्पा ८. ताप: महिना बघा, काम विचारा

ताप आलेल्या माणसाला पहिला प्रश्न: गेल्या पंधरा दिवसांत कुठे काम केलं?

जून ते ऑक्टोबर, भाताच्या चिखलात काम, पोटऱ्या दाबल्या की ओरडतो, डोळे लाल पण चिपडं नाहीत: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) धरून चाला. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्ताची आयजीएम तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तिच्यासाठी डॉक्सिसायक्लिन अडवून ठेवू नका. लघवी किती होते ते विचारा. कमी झाली असेल किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी पुढे पाठवा. जखमी पायाने चिखलात उतरणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिग्रॅ डॉक्सिसायक्लिन देता येतं. गरोदर बाया आणि लहान मुलं सोडून.

काख, जांघ, कमरेच्या नाडीखाली काळी खपली शोधा. स्क्रब टायफसची ती खूण कपडे बाजूला केल्याशिवाय दिसत नाही. बायांना सिस्टरसोबत आडोशाला तपासा.

डिसेंबर ते मे, दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला, काजूच्या बागेत पाला गोळा करणारा माणूस, जोराचं डोकं आणि अंग दुखणं: माकडताप. २०१६ पासून तिथे तो आहे. पॅरासिटामॉलच द्या, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. नमुना पाठवा, आणि बागेत मेलेलं माकड दिसलं का ते विचारून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा.

## टप्पा ९. पुढे पाठवणं

चिठ्ठीवर ‘रेफर’ लिहून हात झटकणं ही नव्या डॉक्टरांची सगळ्यात मोठी चूक. उलट, नाव जाईल म्हणून धरून ठेवणं ही दुसरी. पाठवायचं असेल तर हा क्रम:

पहिला उपचार इथे सुरू करा. १०८ ला फोन लावा. जिथे पाठवताय तिथे स्वतः बोला. बेड आहे का, भूलतज्ज्ञ आज आहे का. रस्ता विचारा: करूळ, भुईबावडा, आंबोली, आंबा, कुंभार्ली, पावसात यांतला कोणता बंद आहे ते चालकाला तुमच्याआधी कळतं. मग चिठ्ठी: वेळ, दिलेली औषधं, डोस, कोणाशी बोललात त्यांचं नाव.

यात एक गोष्ट पुस्तकात नाही. कोकणातल्या घरात म्हातारी आणि सून असते, निर्णय घेणारा माणूस मुंबईत. ‘मुंबैक विचारूक व्हया’ असं म्हणून दोन तास जातात. म्हणून केसपेपर काढतानाच चाकरमानी मुलाचा किंवा भावाचा नंबर वर लिहून घ्या आणि त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला. घाबरवू नका, घाई समजावून सांगा. तो ‘हो’ म्हणाला की घर हलतं.

घाडीकडे (गावच्या देवऋष्याकडे) कौल लावायला जाणाऱ्यांना रागावू नका. आमच्या भागातल्या घाड्याशी मी पडवीत बसून बोललो. आता साप चावलेला माणूस आला की तो अंगारा लावतो आणि त्याच रिक्षात केंद्राकडे पाठवतो.

## टप्पा १०. वस्तीवर जायची वेळ

शिबिर आता घ्या, पण लोकांच्या पंचांगाप्रमाणे.

कोळीवाडा: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. स्थानिक नाखवा (बोटीचे मालक) आणि तांडेल (बोट चालवणारे) घरी असतात, रक्तदाब-साखर तेव्हा तपासा. परप्रांतातले खलाशी ऑगस्टमध्ये परततात, त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ, जेट्टीवर. आठ दिवसांच्या गोळ्या देऊन ‘संपल्या की या’ म्हणू नका. तेव्हा तो पाण्यात असतो. महिन्याच्या द्या, पावसात भिजणार नाहीत अशा डबीत. सुक्या माशातल्या मिठाबद्दल बोलताना ‘खाऊ नका’ म्हणाल तर पुढचं कोणी ऐकत नाही. भिजवून, पाणी टाकून कसं करायचं, ते त्या घरच्या बाईलाच विचारा.

कातकरवाडी: दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. दिवाळीआधी आशाला घेऊन यादी करा: गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुलं, क्षयाची औषधं चालू असलेले. कोण कुठल्या भट्टीवर, मुकादम कोण. मग त्या भागातल्या केंद्राला फोन. माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. सकाळी दहाला वाडीवर कोणी नसतं. साडेसहाला किंवा दिवे लागल्यावर जा.

धनगरवाडा: पावसाआधी गरोदर बायांच्या तारखा काढा. जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असेल तर नवव्या महिन्यात पायथ्याच्या नातेवाइकाकडे राहायची सोय घरच्यांशी बोलून ठेवा. डोलीचे दांडे आणि चार खांदेकरी ठरलेत का, तेही विचारा.

इशारा: अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर असेल तर पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. वस्तीची ओळख असली तरी यातून सुटका नाही. मुलीला घाबरवू नका, उपचार आधी करा, कळवल्याची नोंद लेखी ठेवा.

गणपतीत आणि शिमग्यात शिबिर नको. ओपीडी मात्र चालू ठेवा. चाकरमानी येतात आणि आईवडिलांचे सगळे कागद तेव्हाच पिशवीतून बाहेर निघतात.

## टप्पा ११. टिकायचं असेल तर

आठवड्यातून एक रात्र फोन दुसऱ्या डॉक्टरकडे वळवा आणि झोपा. शेजारच्या केंद्रातल्या दोघा-तिघांशी रोज बोलणं ठेवा. अवघड केस सांगायला माणूस हवा.

पीजीचं ठरवताना एक वर्ष इथे काढल्यावर ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयांना भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ लागतात. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियन होत नाही आणि बाई घाट चढते. फॅमिली मेडिसिन हाही चांगला रस्ता आहे. परत यायचं असेल तर जाताना कोणाला ‘येतो’ म्हणून शब्द देऊ नका, फक्त नंबर चालू ठेवा.

## टप्पा १२. चार्ज सोडताना

शेवटच्या आठवड्यात नव्या डॉक्टरसाठी वही लिहा. यात हे हवं: येत्या तीन महिन्यांत तारीख असलेल्या जोखमीच्या गरोदर बाया, वाडीनिहाय. क्षयाचे, फेफऱ्याचे, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले पेशंट आणि त्यांचा मुंबईचा नंबर. कुठल्या वाडीला कुठल्या वळणावर रेंज येते. कुठला चालक रात्री उठतो. घाडीचं घर. दहा अँप्युलचा डबा कोणत्या कप्प्यात, काचेच्या नळ्या किती उरल्या.

मग नव्या डॉक्टरला सोबत घेऊन दोन दिवस फिरा. प्रत्येक वाडीवर आशाशी त्यांची ओळख तुम्ही करून द्या, आणि परत आल्यावर लसीच्या बाटल्या त्यांना त्यांच्या हाताने मोजू द्या.